दोघांच्या रक्तातला एकच धागा

मित्रांनो, मी एक जुना, झिजलेला धागा आहे. कापडाचा नाही, दोरीचाही नाही. मी पुरुषाच्या शरीरातला धागा आहे. तुमचं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं, आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत सेहेचाळीस धागे गुंडाळून ठेवलेले असतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. डोळे काळे की घारे, केस सरळ की कुरळे, उंची किती, अशा सूचना त्यांच्यावर लिहिलेल्या असतात. त्या सेहेचाळिसांत जे अगदी आखूड आहेत, त्यांतला एक मी. माझं नाव वाय.

मुलींच्या शरीरात मी नसतो. मी बापाकडून लेकाकडे जातो आणि त्या लेकाकडून त्याच्या लेकाकडे. जाताना माझी प्रत निघते, आणि ती प्रत म्हणजेही मीच. म्हणून एका पणजोबाच्या लेकांकडून झालेल्या सगळ्या नातू-पणतूंत मी एकाच वेळी असतो. माणसं याला वंश म्हणतात. हा शब्द ऐकला की आता माझ्या अंगावर काटा येतो. का, ते सांगण्यासाठीच मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

आधी माझा जन्म ऐका. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी मी आणि एक्स नावाचं गुणसूत्र असे जुळे होतो. लांबी सारखी, लिखाणही सारखंच. इतर सगळे धागे जोडीने राहतात. एकाला कुठे भोक पडलं, तर तो जोडीदाराच्या अंगावरचं लिखाण बघून स्वतःला दुरुस्त करतो. आम्हीही तसेच होतो. मग माझ्या अंगावर एक नवी कळ तयार झाली. ही कळ दाबली गेली की आईच्या पोटातलं बाळ मुलगा होऊ लागतं. ती कळ आली आणि माझी दुर्दशा सुरू झाली. माझ्या अंगाचे मोठाले तुकडे तुटले, उलटे होऊन पुन्हा चिकटले. एक्सला माझं लिखाण ओळखू येईना. आम्ही शेजारी बसलो, पण टोकं सोडली तर एकमेकांना हात लावू शकलो नाही. तेव्हापासून मला जे भोक पडलं ते पडलंच. माझ्याजवळ कधी काळी हजारावर कामांचं लिखाण होतं. फाटून, गळून, कुजून आज शंभराच्याही आत उरलं आहे. उरलेलं वाचवायला मी एक युक्ती केली. काही लिखाण मी आरशातल्यासारखं सुलट आणि उलट असं दोनदा लिहून ठेवलं. एक बाजू फाटली की मधोमध दुमडायचं आणि दुसऱ्या बाजूवरून दुरुस्त करायचं. असा मी स्वतःलाच शिवत आलो आहे.

आता मी तुम्हाला भोकर तालुक्यातल्या एका लहान गावात नेतो. तिथे एका भावकीच्या पुरुषांत मी राहत होतो. म्हातारा दगडोबा, त्याचा लेक शेषेराव आणि दगडोबाचा पुतण्या रामलिंग. तिघांत एकच मी.

या भावकीला पोळ्याचा मान होता. पोळ्याच्या संध्याकाळी गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. ज्याचा मान त्याचा बैल सगळ्यांच्या आधी त्या तोरणाखालून जातो, मग बाकीच्या गावाचे. मान दगडोबाच्या घरात होता. बाप म्हातारा झाला की कासरा लेकाच्या हातात यायचा. शेषेरावला मात्र एकच मूल होतं, सहावीत शिकणारी सुकन्या. रामलिंगला दोन मुलगे होते.

एके दिवशी मारुतीच्या पारावर भावकी बसली आणि रामलिंगने विषय काढला.

"शेषूदादा, तुज्या मागं कासरा कोन धरनार? पोरगी जाईल सासरला. मान आता इकडं येऊ दे."

"माझी बायकू पोटुशी हाय," शेषेराव म्हणाला. "पोळ्याला दिस भरत्यात तिचे. तवर तोंड बंद ठिव."

"अन् पोरगीच झाली तर?"

"तर हिला माहेरी धाडून दुसरी आनतो. धर्माबादकडलं एक घर पाहून ठिवलंय."

"घर तयार हाय रे, पर तुझे गुडघे तयार हायेत का?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा पार हसला. शेषेराव हसला नाही.

तो तसाच तणतणत घरी आला. त्याची बायको साखराबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती.

"ऐकलंस का? यंदा पोरगी झाली तर बोचकं बांधायचं आन् चालू लागायचं."

"मी काय बाजारातून आनते व्हय पोरगी? पोटात हाय ते हाय."

साखराबाईचं बोलणं संपलं नाही तोच शेषेरावने चुलीजवळचं लोखंडी उलथनं उचलून तिच्या तोंडावर मारलं. भुवईवर फाटलं. ती एका हाताने डोळा आणि दुसऱ्या हाताने पोट झाकून भिंतीला टेकली. शेषेरावने लाथ उचलली, तेव्हा ओसरीवर विडी ओढत बसलेला दगडोबा ओरडला, "पोटावर नगं रे! पोटात नातू हाय माझा."

लाथ मांडीवर बसली.

"आबा, आईचं रक्त थांबून न्हाई राहिलं," सुकन्या रडत म्हणाली.

"हळद दाब. बायांना व्हतं तसं," म्हातारा म्हणाला आणि त्याने विडी पुन्हा तोंडात धरली.

मित्रांनो, मारणाऱ्या त्या हाताच्या कातडीत मी होतो. पण हात उगार असं मी सांगितलं नव्हतं. तसं काही माझ्यावर लिहिलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. आणि ज्या गोष्टीसाठी त्याने बायकोचं कपाळ फोडलं, ती तिच्या हातात कधीच नव्हती. आईजवळ दोन एक्स असतात. ती दरवेळी एक्सच देते, तिच्याजवळ दुसरं काही नसतंच. बापाजवळ एक एक्स असतो आणि एक मी. त्याच्या बीजांपैकी निम्म्यांत एक्स निघतो, निम्म्यांत मी. मग शर्यत सुरू होते. तिला शर्यत तरी काय म्हणायचं? ती कत्तलच असते. कोट्यवधी निघतात आणि वाटेत मरतात. एखादंच पोहोचतं. त्या वेळी शेषेरावचा एक्स पोहोचला होता आणि मी वाटेत मेलो होतो. साखराबाईच्या पोटात मुलगी वाढत होती. हे सगळ्या गावात फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. वय झालं की पुरुषाच्या रक्तातल्या काही पेशी नव्या होताना मला मागे टाकून देतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त होतं. अशा पुरुषांना हृदयाचे आजारही जास्त होतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. नातू नातू म्हणून जीव टाकणाऱ्या दगडोबाच्या रक्तातून मी आधीच थोडा थोडा गळून चाललो होतो.

पोळा आला. साखराबाईचे दिवस भरत आले होते, पण कळा सुरू झाल्या नव्हत्या. घरचा माणक्या नावाचा बैल होता, लाल कंधारी जातीचा, अंगाने भरलेला. दगडोबाने स्वतः त्याच्या शिंगांना हिंगूळ लावला, कपाळाला बाशिंग बांधलं. मग त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. आपल्याकडे बैलाच्या अंगावर घरच्याचं नाव लिहितात हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याने सुकन्याला हाक मारली.

"तुजं अक्षर चांगलं हाय. लिव्ह इथं. शिवशंकर."

"शिवशंकर कोन, आबा?"

"तुजा भाऊ. आईच्या पोटात हाय तो."

सुकन्याने पांढऱ्या रंगात काडी बुडवून माणक्याच्या लाल पाठीवर नाव लिहिलं. शिवशंकर शेषेराव. साखराबाई दारातून बघत होती. "मामंजी, जलमायच्या आधी नाव नगा लिवू," एवढंच ती म्हणाली. म्हाताऱ्याने ऐकलं नाही.

रंग ओला असतानाच शेषेरावने बैल वेशीकडे नेला. हलगी वाजत होती, सगळं गाव जमलेलं. रामलिंगही आपला बैल सजवून वेशीतच उभा होता. त्याने माणक्याच्या पाठीवरचं नाव वाचलं आणि मोठ्याने हसला.

"पोटातल्याचं नाव बैलावर? अन् उद्या निघाली पोरगी, तर बैलाला लुगडं नेसवनार हायस काय, दादा?"

लोक हसले. रामलिंग पुढे आला आणि त्याने पूर्ण पंजाने ते ओलं नाव पुसलं. लाल कातडीवर पांढरा फराटा राहिला.

शेषेरावच्या हातात बैल हाकायची पराणी होती, टोकाला खिळा असलेली. त्याने ती रामलिंगच्या तोंडावर ओढली. कान फाटून लोंबला. रामलिंगने हात लावून रक्त बघितलं आणि शेजारच्याच्या हातातली वेळूची काठी हिसकावली. हलगी थांबली नव्हती, म्हणून पहिला फटका कुणाला ऐकू आला नाही. तो खांद्यावर बसला. शेषेरावने पराणी पुन्हा मारली, ती रामलिंगच्या दंडात रुतली. दोघे एकमेकांना धरून खाली पडले, चिखलात लोळले, दातांनी चावले. लोक ओरडत होते, "सोडा रे, भाऊ हाव तुमी!" पण मध्ये पडायला कुणी धजत नव्हतं. रामलिंग आधी उठला. शेषेराव गुडघ्यावर उठत होता, तेव्हा रामलिंगने दोन्ही हातांनी काठी उचलून त्याच्या कानशिलावर हाणली.

मित्रांनो, काठी धरलेल्या हातात मी होतो. फुटलेल्या कानशिलातही मीच होतो. मी मलाच मारलं आणि मीच जमिनीवर सांडलो.

माणक्या बिथरला. कासरा जमिनीवर घासत तो एकटाच वेशीतून पळाला आणि तोरण त्याच्या शिंगांत अडकून तुटलं. त्या वर्षीचा मान कुणालाच मिळाला नाही.

शेषेरावला जीपमध्ये घालून आधी भोकरला आणि तिथून नांदेडकडे नेलं. साखराबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिचं लुगडं रक्ताने भिजलं, जीपचा बाक भिजला. नांदेड यायच्या आधीच त्याचा श्वास थांबला.

रामलिंगला पोलिसांनी नेलं. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, त्याचंही आणि शेषेरावचंही. कोणता डाग कुणाचा हे बघायला तो सदरा प्रयोगशाळेत गेला. तिथे फक्त मला तपासलं असतं, तर काहीच कळलं नसतं. दोन्ही डागांत मी अगदी सारखा. शेवटी दुसऱ्या धाग्यांवरून डाग वेगळे ओळखले, ज्यांच्यात बापाइतकाच आईचाही वाटा असतो. म्हणजे हे दोघे वेगळे कसे, हे सांगायला त्यांच्या आयांचे धागे लागले. ज्या बायांची कुणी कधी मोजदाद केली नव्हती, त्यांचे.

शेषेरावची माती झाली आणि काही दिवसांत साखराबाईला कळा सुरू झाल्या. दगडोबा तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. भरदुपारी मूल झालं. विशाखाताई नावाच्या डॉक्टर बाहेर आल्या. त्या याच भागातल्या, नांदेडला शिकलेल्या. दगडोबा धडपडत उठला.

"पोरगं हाय का?"

"मुलगी आहे, आजोबा."

"नीट बघितलंव का बाई?"

"माझं कामच आहे ते."

म्हातारा खाली बसला. "बुडवलं हिनं घर," तो म्हणाला.

डॉक्टर आत निघाल्या होत्या, त्या परत फिरल्या आणि त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. "तिच्या भुवईवर जखम आहे. मांडीवर काळंनिळं आहे. पडून झालेलं नाही ते. कुणी मारलं?"

दगडोबाने खिशातून विडी काढली आणि परत आत ठेवली.

"आजोबा, ऐका. मुलगा होण्याचा धागा बायकांजवळ नसतोच. तो तुमच्या शेषेरावजवळ होता. या वेळी तो आला नाही, दुसरा आला."

"म्हंजे चूक शेषूची?"

"चूक कुणाचीच नाही. पण मार मात्र तिनं खाल्ला."

दगडोबाला काय आठवत होतं ते मला माहीत होतं. शेषेराव जन्मण्याआधी दगडोबाला तीन मुली झाल्या होत्या, आणि प्रत्येक मुलीनंतर त्याने बायकोला गोठ्यात नेऊन मारलं होतं. तेव्हाही त्या हातात मीच होतो. ती बिचारी मरून बरीच वर्षं झाली.

"आणखी एक सांगू?" डॉक्टर म्हणाल्या. "बापाजवळ यातले दोन धागे असतात. एक त्याच्या बापाचा, एक त्याच्या आईचा. मुलगा झाला असता तर तुमचा आला असता. मुलगी झाली, म्हणजे शेषेरावच्या आईचा आला."

म्हाताऱ्याने मान वर केली. "शेषूच्या मायचा?"

"हो."

"ती हाय म्हना की हिच्यात?"

"तिचा एक धागा आहे. सुकन्यातही आहे."

दगडोबाने पटक्याच्या टोकाने तोंड झाकलं. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. मग तो आत गेला आणि खाटेजवळ उभा राहिला. बाळाला हात लावायचं त्याचं धाडस झालं नाही. साखराबाईने त्याला जवळ बोलावलंही नाही. तिने फक्त तोंड भिंतीकडे वळवलं.

साखराबाई घरी आली, तशी भावकी ओसरीवर येऊन बसली. भावकीतला थोरला माणूस बोलला, "दगडूकाका, आता घरात कर्ता पुरुष न्हाई. सुनंला पोरीसकट माहेरी धाडा. रामलिंग जेलात असला तरी त्याची पोरं हायती. मान, जमीन, घर सगळं भावकीतच राहील."

साखराबाई आतून बाहेर आली. कडेवर बाळ होतं, मागे सुकन्या. भुवईवरचा व्रण अजून लाल होता.

"मी जानार न्हाई," ती म्हणाली. "ह्या घरात मी मार खाल्ला, भाकरी केली, भिंती सारवल्या. आता तुमच्या म्हनन्यावर भाईर पडू? ज्याला घर पाहिजे त्यानं मला हात धरून काढावं. बघते मी."

कुणी उठलं नाही. सगळे दगडोबाकडे बघू लागले. सुकन्याही बघत होती. म्हातारा एक शब्द उलटा बोलला असता, तर त्या तिघी संध्याकाळच्या आत रस्त्यावर आल्या असत्या.

"मान घिऊन जा," दगडोबा म्हणाला. "पुढल्या पोळ्याला कुनाचा बी बैल पुढं काढा. सून आन् पोरी हितंच राहतील. घर त्यांचं, शेत त्यांचं. उद्या तहसीलला जाऊन तसं लिवून देतो."

"आवो काका, वंश बुडल की!"

"वंश?" म्हातारा काठी टेकून ताडकन उठला. "वंश राम्यात हाय ना? त्येच रक्त हाय ना? त्यानंच माझं लेकरू मारलं. काय करू घिऊन असल्या वंशाला? उठा. निघा हितून."

ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी दगडोबा खरोखर तहसीलला गेला. साखराबाईने त्याला माफ केलं असं समजू नका. ती त्याला दोन वेळा ताट वाढते, औषधाच्या गोळ्या देते, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलते. तोही जास्त मागत नाही. धाकटी आता रांगते आणि त्याची काठी ओढते.

मित्रांनो, माझं पुढे काय होणार, असं पुष्कळजण विचारतात. काही शास्त्रज्ञ म्हणतात, मी असाच झिजत राहिलो तर साठ-सत्तर लाख वर्षांत संपून जाईन. दुसरे म्हणतात, घाबरू नका, गेल्या अडीच कोटी वर्षांत मी फारसं काही गमावलेलं नाही. खरं काय ते मलाही सांगता येत नाही. पण जपानमधल्या एका बेटावर काटेरी केसांचा एक उंदीर आहे. त्याच्यातून मी केव्हाच नाहीसा झालो. तरी त्या उंदरांत नर जन्मतात, मादी जन्मतात, पिल्लं होतात. माझं काम दुसऱ्या एका धाग्याने उचललं. माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

त्या गावातल्या त्या घरात मी आता एकट्या दगडोबात उरलो आहे. तो जाईल त्या दिवशी मीही त्या घरातून कायमचा जाईन. त्यानंतरही सकाळी तिथे चूल पेटेल, सुकन्या सायकल काढून शाळेला जाईल आणि धाकटी तिच्या मागे धावेल. घर बुडणार नाही. घर माझ्यामुळे उभंच नव्हतं.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्या नावाने कुणाला मारू नका आणि कुणी मारत असेल तर गप्प बसू नका, शेजाऱ्यांना हाक मारा, शाळेत बाईंना सांगा. आणि तुमच्या घरी बाळ येईल, तेव्हा दवाखान्याच्या दारात मोठी माणसं घाईने विचारतील, मुलगा की मुलगी. तुम्ही त्यांच्या आधी पुढे व्हा आणि विचारा, आई कशी आहे?